एकच, पण एकटा नाही

ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवणाऱ्याला एक प्रश्न चुकत नाही, आणि तो वर्गापेक्षा चहाच्या टपरीवर जास्त विचारला जातो. ‘तुमचे देव नक्की किती? एक का तीन?’ विचारणारा बहुधा खवचट नसतो. ख्रिस्ती मित्राच्या लग्नात किंवा मातीला गेल्यावर त्याने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तीन नावे ऐकलेली असतात. ही माणसे एकच देव मानतात, असेही त्याच्या कानावर आलेले असते. त्याला फक्त हिशेब जुळवून हवा असतो.

मोशीहून इंद्रायणी ओलांडून चाकणकडे निघाले की डाव्या हाताला निघोजे लागते. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी आणि मधे महिंद्रा, फोक्सवॅगन आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य कारखाने. राहुरी, श्रीरामपूर, जालना अशा भागांतून आलेली ख्रिस्ती मुले इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या अभ्याससंगतीला मी रविवारी संध्याकाळी जातो. नाइट शिफ्टवाले अर्ध्यातून उठतात, फर्स्टवाले जांभया आवरत बसतात. त्यांनाही हाच प्रश्न पडलेला असतो, कारण कँटीनमध्ये शेजारचा त्यांना तोच विचारतो. ज्या परिषदेत या प्रश्नाला पहिले अधिकृत उत्तर मिळाले, त्या नायसियाच्या परिषदेला 2025 साली 1700 वर्षे झाली. त्या निमित्ताने हा लेख.

त्रैक्याचा सिद्धांत सांगायला चार वाक्ये पुरतात. देव एकच आहे. पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे. पिता म्हणजे पुत्र नव्हे आणि पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. तरीही हे तीन देव नाहीत, की एका देवाचे तीन वाटे नाहीत. यातले कोणतेही एक वाक्य गाळा, उरलेली सोपी होतात. त्रैक्याविषयीच्या बहुतेक चुका अशा एखाद्या वाक्याला रजा देऊनच झाल्या आहेत.

हे सगळे कुणी विद्वानाने खोलीत बसून रचलेले नाही. ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये कुठेही नाही. लॅटिनमध्ये तो रुळवला कार्थेजच्या तर्तुल्यनने, इसवी सन 200 च्या सुमारास. त्याच्या कितीतरी आधी एक अवघड गोष्ट घडून गेली होती. येशूचे पहिले शिष्य यहुदी होते. देव एकच आहे, ही कबुली सकाळ-संध्याकाळ देणारे ते लोक. तेच लोक येशूचे नाव घेऊन प्रार्थना करू लागले, त्याला प्रभू म्हणू लागले. सुमारे 112 साली बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला कळवले की, ही मंडळी पहाटे जमून ख्रिस्ताला देव समजून स्तोत्र म्हणतात. नायसिया याच बिथिनियातले गाव. भजन आधी सुरू झाले होते. त्याचा अर्थ लावायला त्याच प्रांतात आणखी दोनशे वर्षांनी बिशप जमले.

अर्थ लावताना दोन सोप्या वाटा समोर होत्या आणि दोन्ही निघोज्यातही दर वेळी निघतात. पहिली वाट उत्साहाने सांगितली जाते. ‘सर, मी लाइनवर सुपरवायझर, घरी बाप आणि गावी गेलो की मुलगा. माणूस एकच ना?’ बर्फ, पाणी आणि वाफ हे याच जातीचे उदाहरण. व्यासपीठावरूनही ते सर्रास दिले जाते. तिसऱ्या शतकात रोममध्ये सबेल्लियसच्या नावावर खपलेले मत हेच होते. देव एक, सोंगे तीन. मी त्या मुलाला मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघडायला सांगतो. येशू यार्देन नदीच्या पाण्यातून वर येतो आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि त्याच वेळी वरून पित्याची वाणी येते आहे. मग गेथशेमाने बागेचा प्रसंग. येशू घाम गाळीत पित्याची विनवणी करतो. सुपरवायझर आणि बाप एकच असेल, तर ही विनवणी कोण कुणाची करतो? सोंग बदलणाऱ्याला स्वतःच्याच पाया पडता येत नाही.

दुसरी वाट अलेक्झांड्रियाच्या एरियस या पाळकाची. त्याचे म्हणणे असे की, पुत्र थोर खरा, पण निर्माण केलेला. सर्व निर्मितीत पहिला आणि श्रेष्ठ, तरी निर्मितीच. हे मत वेडगळ नव्हते. देवाचे एकपण राखण्याचीच त्यात तळमळ होती आणि पुष्कळ बिशप त्याच्या बाजूचे होते. विरोधकांच्या मते मात्र त्याने ख्रिस्ती विश्वासाचा कणाच काढून घेतला. ठेकेदारीवर राबणाऱ्या मुलांना हा मुद्दा चटकन कळतो. अडचणीच्या दिवशी मालक स्वतः येऊन उभा राहिला, की मुकादम पाठवून मोकळा झाला? येशू निर्माण केलेला असेल, तर क्रुसावर देव आलाच नाही. त्याने कुणाला तरी पाठवले. 325 साली सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेने निर्णय दिला, तो एवढाच की जो आला तो देवच होता, पित्याहून कणभरही कमी नव्हे.

निर्णय झाला, पण भांडण मिटले नाही. नायसियाची बाजू लढवणाऱ्या अथानासियसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. 381 साली कॉन्स्टन्टिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्याविषयीचा भाग पक्का केला. त्या काळातल्या त्या शहराबद्दल निस्साचा ग्रेगरी वैतागून लिहितो की, सुटे पैसे मागावेत तर सराफ पुत्र जन्मलेला की अजन्मा यावर प्रवचन झोडतो, आणि पावाचा भाव विचारावा तर पिता मोठा असे उत्तर मिळते. आमच्या टपरीवरच्या वादाची परंपरा बरीच जुनी आहे.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना ब्रह्मा, विष्णू, महेश उभे राहिले असतील. तुलना साहजिक आहे. ख्रिस्ती माणसेही ती करतात. पण त्रिमूर्तीचा परिचय आपल्याला होतो तो उत्पत्ती, स्थिती आणि लय या तीन कार्यांतून. ख्रिस्ती त्रैक्यात कामाची अशी वाटणी नाही. पित्याने घडवले, पुत्राने तारले, आत्मा चालवतो, असे आपण बोलण्याच्या सोयीसाठी म्हणतो. पाचव्या शतकात ऑगस्टिनने मात्र बजावून सांगितले की, जगाच्या बाबतीत तिघांचे काम अविभाज्य आहे. फरक कामाचा नसून नात्याचा आहे. पिता कुणाचा तरी पिता आहे, पुत्र कुणाचा तरी पुत्र आहे. ते नाते वजा केले तर ही नावे उरतच नाहीत. दोन परंपरांतली कोणती श्रेष्ठ, हा इथे विषय नाही. दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तरे देतात, एवढे ध्यानात आले तरी पुष्कळ गोंधळ टळतो.

आता ज्या व्यक्तीपाशी मला खरे थांबायचे आहे तिच्याकडे वळतो. त्रैक्याशी मराठीत सर्वांत प्रामाणिक झगडा कुणी केला असेल तर पंडिता रमाबाईंनी. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या मुलीने संस्कृत विद्येवर कलकत्त्यात पंडिता ही पदवी मिळवली. ब्राह्मो विचारांची ओळख तिथेच झाली. 1882 साली त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. एक निराकार ईश्वर आणि मधे दलाल कुणी नाही, ही त्यांची भूमिका तेव्हा ठाम होती. 1883 साली त्या इंग्लंडला वाँटेज येथील अँग्लिकन जोगिणींच्या मठात गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला; अर्थात पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. नीळकंठशास्त्री, म्हणजेच नेहेम्या गोरे, या कोकणस्थ पंडिताच्या लेखनाने त्यांचा निर्णय पक्का झाला होता. षड्दर्शनांचे खंडन लिहिणारे हे गोरेही आयुष्यभर स्वतःच्या शंकांशी झुंजले.

बाप्तिस्म्यानंतर बाई गप्प बसतील अशी मठाची अपेक्षा असावी. झाले उलटे. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. तिथून मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. मी विद्यार्थ्यांना नायसियाच्या आधी ही पत्रे वाचायला देतो. ख्रिस्ताला त्या तारणारा मानत होत्या, पण तो देवाशी समान आहे हे पवित्र शास्त्रात स्पष्ट लिहिलेले दाखवा, असा त्यांचा आग्रह होता. अथानासियसच्या नावाने चालणारा विश्वासांगीकार त्यांना मान्य नव्हता. हे न मानील त्याचा नाश होईल, ही त्यातली भाषा त्यांना कशी पटावी? (तो मजकूर अथानासियसचा नाहीच, त्याच्यानंतर लॅटिनमध्ये तयार झालेला आहे.) एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, दुसरे चढवून घेणार नाही, असेही त्यांनी जेराल्डिनना सुनावले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत काय कमी पवित्र आहे, हा सवाल याच पत्रांतला.

जेराल्डिनना या सगळ्यात अहंकार दिसला. बीलबाईंना त्यामागची बुद्धी दिसली. हिला धर्म तत्त्वज्ञानाच्या अंगाने समजून घेऊ द्या, असे त्यांचे मत होते आणि त्या स्वतः रमाबाईंशी मुद्देसूद वाद घालत राहिल्या. धर्मशास्त्र शिकवणारा म्हणून माझे मत बीलबाईंच्या पारड्यात आहे. रमाबाईंचे प्रश्न म्हणजे चौथ्या शतकातलेच प्रश्न. ज्या सिद्धांताला पन्नास-साठ वर्षांच्या भांडणातून आकार आला, तो एका पंडितेने सहा महिन्यांत मुकाट्याने गिळावा, ही अपेक्षाच चुकीची होती.

रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथे बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी जी रमाबाई असोसिएशन निघाली, तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पंथाचे, म्हणजे त्रैक्य न मानणारे धर्मोपदेशक होते. त्या पंथात राहून जाणे रमाबाईंना सहज शक्य होते. तसे घडले नाही. 1907 च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला तो युक्तिवादाने नव्हे. आपले ओझे कुणीतरी खरोखर उचलले आहे, या प्रचीतीने. पुढे 1905 साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनांचे जे उधाण आले, त्याचा अर्थ त्यांनी पवित्र आत्म्याचे काम असा लावला. एक देव त्यांना आधीच ठाऊक होता. पुत्र आणि आत्मा यांची ओळख पुढे एकेका टप्प्याने पटत गेली. पहिल्या मंडळीचाही क्रम हाच होता: आधी अनुभव, मग उपासना आणि शेवटी व्याख्या. अखेरच्या वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. 1922 साली त्या वारल्या. 1924 साली ते संपूर्ण छापून निघाले. ज्या तीन नावांनी त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, ती असलेले मत्तयाचे वचनही त्यांनी स्वतःच मराठीत उतरवले.

मराठीत या सिद्धांताचे खरे घर उपासनेतच आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 1616 साली गोव्यात ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले, ते ओवीबद्ध मराठीत. पोथीच्या आरंभी जिथे गणेश-शारदेला नमन असायचे, तिथे त्याने पिता, पुत्र आणि आत्म्याला नमन केले. आधी व्याख्या देत बसला नाही. तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळकांनी अभंगातून ख्रिस्ताला माउली म्हटले. आळंदीच्या माउलीचे नाव कानांत असलेल्या माणसाला त्यातली जवळीक समजावून सांगावी लागत नाही.

एवढ्या खटाटोपाने राखले काय? बाराव्या शतकात पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातल्या रिचर्डने विचार मांडला की, प्रेम ही पूर्णत्वाची खूण असेल आणि देव पूर्ण असेल, तर त्याच्यापाशी प्रेम करायला दुसरा हवा. आणि ते प्रेम आपल्यापुरते न ठेवता वाटून घ्यायला तिसराही हवा. या तर्कात फटी काढता येतात. तरी त्यातून निघणारी गोष्ट मोलाची आहे. देव मूळचाच एकाकी असेल, तर प्रेम करायला त्याला जगाची गरज पडेल आणि मग आपण त्याची गरज भागवण्यासाठी घडवलेले ठरू. देव मुळातच नात्यात असेल, तर जग ही त्याची गरज नाही, देणे आहे. गाव सोडून दहा बाय दहाच्या खोलीत चौघे राहणाऱ्या मुलांशी मी हे बोलतो, तेव्हा आकड्यांचा वाद आपोआप मागे पडतो.

म्हणून हल्ली मी त्यांना उदाहरण देत नाही, रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय देतो. पौल तिथे म्हणतो की, काय मागावे हेही आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्माच आपल्या आतून कण्हत विनंती करतो. आपण देवाला ‘अब्बा’ म्हणतो, तेही पुत्राच्या हक्कात वाटेकरी झाल्यामुळे. ज्याच्याकडे प्रार्थना जाते तो पिता, ज्याच्यासोबत जाते तो पुत्र, ज्याच्या बळावर जाते तो आत्मा. प्रार्थना करणारा त्रैक्याकडे बाहेरून बघत नसतो, आधीच त्याच्या आत उभा असतो.

तरी कँटीनमध्ये चटकन देता येईल असे उत्तर मुलांना हवेच असते. मी सांगतो, शेजारच्याने किती देव विचारले तर सांगा एकच, पण एकटा नाही. त्याला ते पटले नाही तर रागावू नका, त्याला रमाबाईंची पत्रे वाचायला द्या. आणि ज्याला स्वतःलाच ते अजून पटलेले नाही, त्याने आमेन म्हणण्याची घाई न करता पुढच्या रविवारीही संगतीला यावे.