नवे इंजिन

लिस्बनला विमान बदलून आम्ही बोस्टनकडे निघालो, तेव्हा नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या जागेवर मी बसलो आणि शेजारी ही. विमान धावपट्टीकडे वळले न वळले तोच हिने डोळे मिटले. विमानात झोप लागणे ही एक दैवी देणगी आहे, आणि ती मला लाभलेली नाही. अशा वेळी मी ज्या विमानात बसलो असेन त्याच्याच कुळाचा विचार करीत राहतो.

हे विमान एअरबस ए-३३० निओ होते. ‘निओ’ ही ‘नव्या इंजिनाचा पर्याय’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. सरळ सांगायचे तर धड जुने, इंजिने नवी. ते धड माझ्या जुन्या ओळखीचे होते! १९८१ साली, लग्नानंतर, आम्ही दोघे मुंबईहून दिल्लीला गेलो ते इंडियन एअरलाइन्सच्या ए-३०० विमानाने. ते विमान प्रथम उडाले १९७२ साली. त्याच्या धडाची ५.६४ मीटर रुंदी ए-३३० ने जशीच्या तशी उचलली. म्हणून आजही मध्ये चार आणि दोन्ही खिडक्यांकडे दोन-दोन अशीच आसने असतात. जोडप्याला तिसऱ्याचा शेजार नाही, ही सोय किती जुनी आहे पाहा. त्या दिवशीही खिडकीशी मीच बसलो होतो.

या जुन्या धडाचा एकदा मोठा अपमान झाला होता. त्यालाच नवी इंजिने लावून नवे विमान म्हणून पुढे करण्याचा बेत २००४ साली निघाला. पण विमान कंपन्यांना हे शिळ्या कढीला आणलेले ऊत वाटले. अखेर २००६ साली तो बेत मोडून ए-३५० हे सर्वस्वी नवे विमान आखावे लागले. गंमत अशी की, २०१४ साली तोच जुना विचार पुन्हा वर आला आणि या खेपेस तो रुचला. प्रत्येक आसनामागे १४ टक्के इंधन वाचेल, असे तेव्हा सांगण्यात आले. १९ ऑक्टोबर २०१७ रोजी तुलूझ येथे निओने पहिली भरारी घेतली, आणि पुढच्या वर्षी पहिले विमान पोर्तुगालच्याच कंपनीच्या हाती पडले.

जुन्या घरात नवे माणूस आणले की काम भागले, असा आपला समज असतो. यंत्राच्या बाबतीत तसे होत नाही. आधीच्या ट्रेंट ७०० इंजिनाचा पंखा ९७ इंचांचा. नव्या ट्रेंट ७००० चा ११२ इंचांचा. जुन्यात भट्टीतून जाणाऱ्या एका भागामागे पाच भाग हवा भट्टीला वळसा घालून मागे जाई. नव्यात दहा भाग जाते. थोडी हवा जोराने फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा सावकाश ढकलली, तर इंधन कमी लागते आणि गोंगाटही कमी होतो. पण एवढे मोठे इंजिन वजनदारही असते. त्यासाठी जुन्या विमानाला आपली अंगे बदलावी लागली. इंजिन धरणारे खांब नवे घडवावे लागले. पंखांची टोके डौलाने वर वळवून त्यांचा विस्तार ६०.३ मीटरांवरून ६४ मीटर करावा लागला.

आणि नव्यालाही वाकावे लागले. ट्रेंट ७००० हे ज्या ट्रेंट १००० वरून घेतले, ते बोइंग ७८७ साठी घडवलेले. त्या विमानात प्रवाशांना लागणारी दाबाची हवा विजेवर चालणारी यंत्रे पुरवतात. इंजिनापाशी ती मागावी लागत नाही. ए-३३० चे वळण जुने. त्याला ती हवा इंजिनाच्या पोटातूनच हवी. तेव्हा नव्या इंजिनाला ती देण्याची रीत शिकावी लागली. दोघेही थोडे थोडे बदलले, म्हणून दोघे मिळून उडाले.

येथवर आलो आणि माझे मन पुण्याच्या घराकडे वळले. ही नागपूरची. पहिल्या महिन्यात हिने मोठ्या हौसेने वडाभात केला. आईने ताटातला भात बाजूला सारला आणि आपले साधे वरण मागितले. मी मान खाली घालून जेवलो. हिच्या बोलण्यातले ‘करून राहिले’ ऐकून आम्ही सारे हसत असू. वर्षभरात ते बोलणे गेले. वडाभात तर पुन्हा कधी झालाच नाही. ‘सून घरात अगदी मिसळून गेली,’ असे आई अभिमानाने सांगे, आणि मीही सांगत आलो. पण मिसळली ती एकटीच. आमच्या घराने आपला पंख बोटभरही लांबवला नाही.

आता आम्ही मुलाच्या संसारात सहा महिने राहायला निघालो होतो. सून तमिळ. तिच्या घरात काय काय सुधारायला हवे याची एक यादी मी निघण्यापूर्वीच मनाशी करून ठेवली होती. हिने मात्र सामानात कॉफी गाळण्याचे एक पितळी भांडे घेतले होते. ‘तिला तसलीच कॉफी लागते म्हणे,’ एवढेच ही म्हणाली होती. ‘अमेरिकेत भांडी मिळत नाहीत वाटतं!’ अशी मी तिची थट्टाही केली होती. त्या थट्टेची आता लाज वाटली. चाळीस वर्षांवर जिने वाकून दाखवले, तीच पुन्हा वाकायला तयार होती. आणि मी अजून यादीच करीत होतो.

तेवढ्यात ही जागी झाली.

“अहो, आलं का बोस्टन?”

“नाही अजून. तू इकडे बस ना, खिडकीशी.”

ही माझ्याकडे पाहतच राहिली. मग माझ्या कपाळाला हात लावीत काळजीने म्हणाली, “का हो, बरं वाटत नाही का तुम्हाला?”