बरणीतला श्वास

बदलापूरहून वांगणीकडे जाताना माझ्या मामांची भातखाचरं लागतात. लावणीला मजूर मिळेनात तेव्हा मामांनी चिखलणी सोडली आणि एसआरटी धरली. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेली ही पद्धत: कायमचे गादीवाफे, त्यावर टोकणी, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. नांगर नाही, मग तणाचं काय? पेरणीआधी ग्लायफोसेट. मी अंबरनाथला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे मामांनी मलाच गाठलं. "बाय, या औषधानं माती मरते का गं?"

शंका रास्त होती. ग्लायफोसेट ज्या एन्झाइमला अडवतं, ते माणसात नसतं, पण वनस्पतींसारखंच अनेक जिवाणूंत आणि बुरशींत असतं. दुसरीकडे त्याच रेणूत कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस आहे. ज्यांना तो तोडता येतो त्यांच्यासाठी ते जेवणच.

मुलांना घेऊन साधा प्रयोग लावला. न फवारलेल्या बांधाची माती चाळून, सारखी ओलवून झाकणबंद बरण्यांत भरली. निम्म्या बरण्यांत ग्लायफोसेट घातलं. प्रत्येकीत सोडियम हायड्रॉक्साइडची छोटी बाटली ठेवली. सूक्ष्मजीव श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो त्या द्रावणात शोषला जातो. मग बेरियम क्लोराइड घालायचं आणि फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग जाईपर्यंत थेंब थेंब आम्ल सोडायचं. आम्ल जितकं कमी लागेल, तितका मातीचा श्वास जास्त. औषधाच्या बरण्यांचा श्वास सुरुवातीला चढला, नंतर बाकीच्यांच्या बरोबरीला आला. मुलं खूश! माती जिवंत आहे, मॅडम!

मला एवढं खूश होता येईना. बरणीत कोणीतरी जेवतंय इतकंच त्यातून कळतं. पंगतीतून कोण उठून गेलं, ते कळत नाही. शिवाय ग्लायफोसेट तुटताना बहुधा एएमपीए नावाचा तुकडा उरतो आणि तो मूळ औषधापेक्षा जास्त टिकतो. मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम ग्लायफोसेटला फॉस्फेटसारखं धरून ठेवतात. मग ते पाण्याबरोबर सहज झिरपत नाही, पण जिवाणूंच्याही हाती लागत नाही. म्हणून ते निम्मं व्हायला कुठे काही दिवस लागतात, कुठे कित्येक महिने.

मामांना ऑडसची गोष्ट मात्र आवडली. या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४९ च्या सुमारास टू-फोर-डी या तणनाशकाचं द्रावण मातीतून पुन्हा पुन्हा फिरवलं. पहिल्या खेपेला बराच काळ काही घडलं नाही, मग ते भराभर नाहीसं झालं. पुढच्या खेपेला मातीने वाट पाहिलीच नाही. ते तोडणारे जिवाणू आता तिथे माजले होते. "म्हणजे सवय लागते," मामा म्हणाले, "आमच्या आळीतल्या काहींना लागलीय तशी."

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरायचं, असं बंधन घातलं. वाचून दाखवलं तेव्हा मामांनी पाठीवरच्या पंपाकडे पाहिलं आणि विषय उल्हास नदीकडे वळवला. औषध धरून बसलेली माती पहिल्या मोठ्या सरीत ओढ्याने नदीत उतरते, आणि बदलापूरचं पिण्याचं पाणी त्याच नदीतून उचललं जातं. त्यांनी ओढ्याकाठचे वाफे फवारणीतून वगळले. तिथलं तण आता हाताने काढतात. म्हणजे मामी काढते. पुढच्या मोसमात तिथलीही माती बरण्यांत भरायची म्हटल्यावर ती म्हणाली, "भर गो बाय, पण आधी त्या पोरांना बेणायला पाठव."