एक न केलेला गुणाकार

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेच्या सुमारास आमच्या घरीं जो एक लहानसा प्रसंग घडला, तो या अंकांत सांगावा कीं न सांगावा याचा आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला. त्यांत आमच्या मोठेपणाचें कांहींच नाहीं. शिवाय विषय असा कीं, शिक्षकानें त्यावर लेखणी चालवावी याचें पालकांस नवल वाटेल. कारण तो संगणकावर खेळ खेळण्यासाठीं बांधलेल्या यंत्राविषयीं आहे. परंतु आमच्या वर्गांतील कित्येक मुलांच्या घरीं असें यंत्र आहे, किंवा असावें अशी त्यांची इच्छा आहे. आणि तें घेतांना पैसे मोजणारे हात बहुधा आमच्यासारख्यांचेच असतात. म्हणून लिहीत आहों.

आमचा मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला, तेव्हां त्यानें खाऊच्या पैशांतून व मामानें वेळोवेळीं दिलेल्या बक्षिसांतून सांठविलेली रक्कम आमच्यापुढें ठेवली, आणि उरलेली आम्हीं घालावी अशी विनंति केली. सोबत एक यादी होती. तिच्यांतील बऱ्याच वस्तूंचीं नांवें आम्हांस परकीं होतीं. तरी किंमतीचे आंकडे कोणासही कळतात. यादीची शेवटची ओळ एसएमपीएसची होती. दुकानांत सर्वांच्या तोंडीं हेंच नांव असतें. भिंतींतून येणारी 230 व्होल्टांची, सेकंदास पन्नास वेळां उलटसुलट होणारी वीज घेऊन, तिची 12, 5 आणि 3.3 व्होल्टांची एकाच दिशेनें वाहणारी वीज करून देणारी ती पत्र्याची पेटी होय. पडद्यावर ती कांहीं दाखवीत नाहीं, खेळास वेग देत नाहीं. आणि म्हणूनच काटकसरी मनुष्याची नजर पहिल्यानें तिच्यावर जाते. कॅबिनेटबरोबर एक एसएमपीएस फुकट मिळत होता व त्यावर ठळक आंकड्यांत 500 असें छापलेलें होतें. मुलानें यादींत 550 लिहिलें होतें. “पन्नास वॅटांसाठीं साडेचार हजार रुपये?” असें विचारून आम्हीं त्या ओळीवर काट मारली. तो थोडा वेळ बोलला, मग गप्प बसला. आम्हांस वाटलें, पटलें.

यंत्र चवदा महिने चाललें. मग असें होऊं लागलें कीं, खेळ ऐन रंगांत आला असतां पडदा एकाएकीं काळा पडे व यंत्र आपोआप पुन्हां सुरू होई. याच यंत्रावर आम्ही तासन्‌तास प्रश्नपत्रिका टाइप करीत असूं, गुणपत्रकें जुळवीत असूं; परंतु आमच्या हातून असें एकदांही झालें नाहीं. यावरून आम्हीं जें अनुमान काढलें तें तर्कशास्त्राच्या पुस्तकांत शोभण्यासारखें होतें : आमच्या कामानें यंत्र बिघडत नाहीं, खेळानें बिघडतें, तस्मात् दोष खेळाचा, अर्थात् खेळणाराचा. कार्डाचा वेग वाढविण्यासाठीं मुलें कांहीं उलाढाली करतात असें आम्हीं कोठेंतरी ऐकलें होतें. तेंच आम्हीं त्याच्या माथीं मारलें, आणि तेंही त्याच्या आईसमोर व मामासमोर. “पप्पा, मी कशालाही हात लावलेला नाहीं,” असें तो म्हणाला. आम्हीं त्यावर विश्वास ठेवला नाहीं. यंत्राची वायर काढून आम्हीं कपाटांत कुलूप लावून ठेवली व ती तीन आठवडे तेथेंच राहिली.

दिवाळीच्या सुटीच्या पहिल्या दिवशीं वायर परत दिली. अर्ध्या तासांतच फट्‌कन् आवाज झाला, जळक्याचा वास घरभर पसरला आणि यंत्र थंड पडलें. त्या वेळीं आम्ही मुलाकडे ज्या नजरेनें पाहिलें, तिची आठवण सुखाची नाहीं.

आमच्या शाळेंतून पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं बाहेर पडलेला एक विद्यार्थी बाजारपेठेंत संगणकदुरुस्तीचें दुकान चालवितो. यंत्र रिक्षांत घालून आम्ही तिघे त्याच्याकडे गेलों. त्यानें बाजू उघडली, नाक जवळ नेलें, आणि चार स्क्रू काढून ती फुकटची पेटी टेबलावर ठेवली. मग तिच्या कुशीवरचें लेबल आमच्याकडे वळवून तो अदबीनें म्हणाला, “सर, हें बारीक अक्षर वाचलें होतें का? व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हें तुम्हींच आम्हांला शिकवलेंत.”

लेबलावर एक लहानसा तक्ता होता. 12 व्होल्टांपुढें 16 अँपिअर असें लिहिलें होतें. बारा सोळे एकशें ब्याण्णव. 5 व्होल्टांवर 20 अँपिअर, म्हणजे शंभर, 3.3 व्होल्टांवर 16, म्हणजे सुमारें त्रेपन्न. सर्व मिळून 345. वरच्या 500 पैकीं उरलेले दीडशेंहून अधिक वॅट छापखान्याखेरीज कोठेंच निर्माण झाले नव्हते. आणि या 345 चाही फारसा उपयोग नाहीं. कारण पूर्वींच्या संगणकांत 5 आणि 3.3 व्होल्टांवर बराच भार असे, आतां प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे खादाड 12 व्होल्टांवरच पोसले जातात. आमच्या मुलाचें कार्ड भर कामांत 170 वॅट मागतें, प्रोसेसर 88 पर्यंत जातो. दोहोंची बेरीज 258. आणि पुरवठा, लेबलाच्या स्वतःच्या कबुलीप्रमाणें, 192. गणित व विज्ञान शिकवितां शिकवितां आमचे केस पांढरे होऊं लागले, आणि दोन आंकड्यांचा एक गुणाकार आम्हीं केला नाहीं.

मग आमच्या प्रश्नपत्रिका कशा निर्विघ्न टाइप होत? साऱ्या यंत्रास त्या वेळीं जेमतेम साठ-सत्तर वॅट लागत. अर्धा शेर ओझें वाहतांना हमाल कधींच अडखळला नाहीं, म्हणून चार मण ठेवल्यावर जो पडला त्याचा दोष ओझें ठेवणाराचा असें आम्ही धरून बसलों होतों. हमालास पोटभर अन्न मिळतें कीं नाहीं हें पाहिलेंच नव्हतें. दुकानदारानें आपल्याकडचा चांगला एसएमपीएस जोडून तासभर तोच खेळ चालविला. यंत्र एकदांही अडलें नाहीं. कार्ड, डिस्क, सर्व शाबूत होतें. अशा हलक्या पेट्यांत संकटाच्या वेळीं आपोआप बंद पडण्याची सोय बहुधा नसते, आणि मरतां मरतां त्या शेजाऱ्यांसही घेऊन जातात. त्या मानानें आम्ही थोडक्यांत सुटलों. तो तासभर मुलगा बांकावर बसून होता. “मी सांगितलें होतें,” असें तो म्हणाला नाहीं. म्हणाला असता तर आम्हांस हलकें वाटलें असतें.

येथें बालवाचकांस एक इशारा देऊन ठेवतों. आम्हांस ती पेटी उघडून आंत काय जळलें तें पाहण्याची फार इच्छा झाली. दुकानदारानें हात धरला. 230 व्होल्टांची उलटसुलट वीज सरळ केली म्हणजे तिचें शिखर सुमारें 325 व्होल्टांवर जातें, आणि आंतील मोठा कपॅसिटर तो दाब वायर काढल्यावरही कांहीं काळ धरून ठेवूं शकतो. ही पेटी कोणीही घरीं उघडूं नये.

नवा एसएमपीएस घेण्यासाठीं आम्ही बापलेक मुंबईस गेलों. गाडींत बसल्यावर त्यानें वही काढली. कार्ड 170, प्रोसेसर 88, बोर्ड, मेमरी, डिस्क व पंखे मिळून 50, एकूण 308. “मग 350 चा कां नको?” असें आम्हीं विचारलें. (हा प्रश्न या वेळीं खरोखर जाणून घेण्यासाठीं होता.) त्यानें सांगितलें कीं, ग्राफिक्स कार्ड सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापुरतें आपल्या ठरलेल्या भुकेहून बरीच अधिक वीज ओढूं शकतें, आणि ज्या पुरवठ्यांत जागा नाहीं तो त्या धक्क्यानें बंद पडतो. म्हणून एटीएक्स या मापाचा जो 3.0 नियम 2022 सालीं निघाला, त्यांत क्षणमात्र दुप्पट भार सोसण्याची अट घातली आहे. शिवाय पेटी सदा काठोकाठ भरून चालविली तर ती तापते. आणि कपॅसिटरास दहा अंश अधिक उष्णता म्हणजे सुमारें निम्में आयुष्य, असा एक ढोबळ हिशेब आहे. 550 पुरेसे, पुढें मोठें कार्ड घ्यावयाचें झालें तर 650. याहून अधिक घेणें म्हणजे दोन माणसांच्या घरांत वीस शेरांची कळशी.

मग ब्राँझ कीं गोल्ड, हा प्रश्न आला. 2004 सालीं एटी प्लस नांवाची योजना सुरू झाली, तिच्या या पायऱ्या आहेत. अर्ध्या भारावर ब्राँझ शंभरांतील सुमारें 85 भाग वीज कामास लावतो, गोल्ड सुमारें 90. उरलेली उष्णता होऊन जाते. हें उदाहरण आम्हीं आपल्याकडे मागून घेतलें. यंत्रास 300 वॅट द्यावयाचे तर ब्राँझ भिंतींतून 353 घेईल, गोल्ड 333. फरक वीस वॅट. रोज तीन तास खेळ धरला (एवढी परवानगी दिलेली नाहीं, परंतु हिशेबापुरती धरली), तर वर्षास सुमारें 22 युनिटें. युनिटास दहा रुपये धरले तरी सव्वादोनशें रुपयांच्या आंतच. गोल्डसाठीं अडीच हजार अधिक मोजले तर ते फिटावयास अकरा वर्षांहून अधिक लागतील. तें लेबल वीज किती वायां जाते एवढेंच सांगतें. बारा व्होल्ट बाराच राहतात कीं नाहीं, तारेस तार लागली तर पेटी स्वतः बंद होते कीं नाहीं, याविषयीं तें मुकें आहे.

ग्रँट रोड स्टेशनापासून जवळच डॉ. भडकमकर मार्ग आहे. त्यास सारी मुंबई अजून लॅमिंग्टन रोड म्हणते. आंब्याच्या पेट्या रचाव्यात तशीं कॅबिनेटें तेथें रस्त्याकडेला रचलेलीं असतात. पहिल्या दुकानांत आम्हांस वापरलेला 850 वॅटांचा एसएमपीएस निम्म्या किंमतींत देऊं केला. मुलानें हळूच कान धरावयास सांगितला : इथीरियम नांवाचें नाणें संगणकांवर खोदणें सप्टेंबर 2022 मध्यें बंद झालें, आणि त्या खाणींत रात्रंदिवस राबलेलें पुष्कळ सामान पुढें बाजारांत आलें. ही पेटी तेथलीच होती असें आम्ही म्हणत नाहीं. पण तिचें पूर्ववृत्त दुकानदारासही सांगतां येईना, म्हणून पुढें गेलों.

दुसऱ्या दुकानांत ब्राँझ जातीचा, पांच वर्षांच्या वॉरंटीचा एक नवा एसएमपीएस निघाला. त्याच्याबरोबर नव्या तऱ्हेच्या सोळा पिनांच्या जोडाचा महाग भाऊही होता. हा जोड 2022 त निघाला, तेव्हां कांहीं मोठ्या कार्डांवर तो पुरता न बसल्यानें वितळला, म्हणून 2023 सालीं त्यांत सुधारणा करावी लागली. आमच्या कार्डास जुना आठ पिनांचा जोडच लागतो. तो 150 वॅट देतो, बोर्डावरची खांच 75 देते; 170 ची सोय त्यांत सहज होते. महाग भाऊ परत ठेवला. मुलानें पहिल्या पेटीवरचें लेबल वाचलें, आणि ती आमच्या हातांत देऊन म्हणाला, “पप्पा, गुणाकार तुम्ही करा.”

12 व्होल्ट, 54 अँपिअर. 648. वर 650 छापलें होतें.

आम्हीं पैसे दिले, पावतीवर तारीख व नंबर घालून घेतला.

घरीं जोडतांना आणखी एक गोष्ट उघडकीस आली. कॅबिनेटास हात लागला कीं झिणझिण्या येतात अशी मुलाच्या आईची पहिल्यापासून तक्रार होती व आम्हीं ती मनाचा खेळ म्हणून उडवून लावीत आलों होतों. चांगल्या एसएमपीएसांतही गोंगाट गाळण्यासाठीं दोन लहान कपॅसिटर अर्थिंगच्या तारेस जोडलेले असतात. ती तारच भिंतींत नसेल तर पत्र्यावर घरच्या विजेच्या निम्म्याइतका दाब येऊन बसतो. वायरमननें येऊन पाहिलें. आमच्या त्या खोलींत तिसऱ्या भोंकामागें तार नव्हतीच. ती नवी ओढून घेतली. म्हणजे या खोलींत आम्हीं दोघांचें म्हणणें खोटें ठरविलें होतें आणि दोघेंही खरीं होतीं.

त्या रात्रीं मुलगा तारा बांधीत बसला असतां आम्ही त्याच्याजवळ जाऊन म्हणालों, “तुझ्यावर आळ घेतला, वायर कुलुपांत ठेवली, ती माझी चूक झाली. आईसमोर आणि मामासमोर बोललों होतों, त्यांनाही सांगितलें आहे.” त्यानें वर न पाहतां “बरं” एवढेंच म्हटलें. थोड्या वेळानें विचारलें, “पप्पा, पेपर टाइप करायचा आहे का? मग मी नंतर खेळतों.”

जुन्या पेटीवरचें लेबल आम्हीं उतरवून घेतलें होतें. सुटीनंतर तें फळ्यावर लिहून आठवीच्या वर्गास उदाहरण म्हणून घातलें. बहुतेकांचें उत्तर 345 आलें. एका मुलीनें उत्तराखालीं पेन्सिलीनें लिहिलें होतें, “सर, मग 500 कोणीं लिहिलें?” तिला आम्हीं पूर्ण गुण दिले.