दिवाळी आणि दिवाळे

दिवाळी अंक हाती आला की माणूस आधी व्यंगचित्रे पाहतो, मग राशिभविष्य उघडतो आणि चकलीचा तुकडा मोडीत सवडीने कथांकडे वळतो. कवितांची पाने बहुधा शेवटी राहतात. त्यातून एखादी कविता भुकेवर, मरणावर किंवा गटाराकाठच्या संसारावर असली, की घरातले कोणीतरी म्हणतेच, "ऐन सणासुदीला हे कशाला? जगात दुःख काय कमी आहे?"

प्रश्न वाजवी आहे. वर्षभर खस्ता खाल्लेल्या माणसाने चार दिवस गोड मागितले, तर त्याला दोष कसा द्यावा? पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. ज्यांच्या घरी दुःख पाट मांडून बसले आहे, ती माणसे हा प्रश्न सहसा विचारीत नाहीत.

मराठी माणसाला कडू कविता तशी नवी नाही. देहूचे तुकाराम व्यवसायाने वाणी. १६३० च्या दुष्काळात त्यांचा धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली, गावातली पत गेली. हे सारे त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगितले आहे आणि सांगताना काही झाकलेले नाही. एका अभंगात तर दिवाळे, दुष्काळ, अपमान, गेलेली गुरेढोरे अशी एकेक आपत्ती मोजून दाखवून, हे सगळे झाले ते उत्तमच झाले, असे त्यांनी देवालाच सुनावले आहे. दिवाळी आणि दिवाळे यांत अंतर एका वेलांटीचे. संताचे शब्द म्हणून आपण ते टाळ वाजवीत म्हणतो. शेजारच्या दुकानदाराने असे काही लिहिले असते, तर त्याच्या बायकोमुलांना आपण तोंड दाखवू दिले नसते.

बा. सी. मर्ढेकरांच्या वाट्याला असेच काहीसे आले. 'काही कविता' हा त्यांचा संग्रह १९४७ साली निघाला आणि गदारोळ उठला. पिंपात मेलेले उंदीर हा काय कवितेचा विषय, म्हणून त्यांची टिंगल झाली. पुढे अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. १९५६ साली ते गेले. टीकाकार उंदरांचा अर्थ लावीत राहिले. पण एका खोलीत दहा-दहा माणसे निजणाऱ्या मुंबईकराला ते पिंप कोणी समजावून सांगायला नको होते.

हे मी पुस्तकांच्या आधारे बोलत नाही. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचे चालवीत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापडगिरण्यांतला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वडिलांना ते काम पुन्हा मिळाले नाही. त्या दिवसांविषयी ते घरात कधी बोलत नसत. आईच्या गळ्यातले डोरले कुठे गेले, हे आम्हां भावंडांना ठाऊक होते आणि ते विचारायचे नाही, हेही ठाऊक होते. नातेवाईक येत, "होईल सगळं ठीक, देव आहे ना," असे म्हणत आणि चहा पिऊन जात. वडील मान हलवीत आणि भिंतीकडे तोंड करून निजत.

पुढे मी कॉलेजात गेलो. नारायण सुर्वे यांची एक कविता अभ्यासाला होती. आमची खोली दहा बाय बाराची, तेव्हा माझे मोठ्याने वाचणे घराला ऐकावेच लागे. एका रात्री मी ती कविता म्हणत होतो, तोच वडील अंथरुणात उठून बसले.

"कोणी लिहिलंय रे हे?"

मी सांगितले. रस्त्यावर सापडलेले मूल, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने वाढवलेले. शाळेत शिपाई होते, मग मास्तर झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला संग्रह १९६२ साली निघाला.

"तरीच," वडील म्हणाले. "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटली. मग तिसऱ्यांदा. आणि मग वडील बोलू लागले. संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात ते दादर स्टेशनाबाहेर लिंबे विकत. गावचे कोणी दिसले की टोपलीवर छत्री उघडून धरीत. आईवर त्यांनी आयुष्यात एकदाच हात उचलला, तो तिने शेजारून तांदूळ उसने आणले म्हणून. आई स्टोव्हपाशी बसली होती. ती एवढेच म्हणाली, "आठवतंय तर तुम्हांला."

त्या कवितेत सांत्वनाचा एक शब्द नव्हता. सांत्वन करणारा दुःखावर आधी पांघरूण घालतो, आणि मग ज्याचे दुःख आहे त्यालाही ते पांघरूण धरून बसावे लागते. कवितेने पांघरूण घातले नाही, म्हणून वडिलांना आपले काढता आले. त्यांची नोकरी काही परत आली नाही. पण त्या रात्रीनंतर आमच्या घरात ती वर्षे बोलता येऊ लागली.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, तेव्हा त्यातली भाषा पांढरपेशा वाचकाला परकी होती. प्रस्तावना लिहिणारे विजय तेंडुलकरही कित्येक शब्दांशी अडले. मग ते ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडून आले. मला ही हकीकत फार आवडते. कवितेला 'जरा सभ्य हो' म्हणण्याऐवजी वाचकच उठून कवितेच्या गल्लीत गेला.

अर्थात काळे ते सगळेच खरे नव्हे. दुःखाचा भपका करणारी कविताही असते. माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे. ज्याच्यावर ते बेतले आहे, त्याला ती वाचून दाखवावी. तो "पुन्हा म्हण" म्हणाला, तर कविता खरी.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी चोपड्या पुजतात. हळदकुंकू वाहिलेल्या त्या चोपडीत जमेची बाजू असते, तशी नावेचीही असते. नुकसान लिहिले नाही म्हणून ते टळत नाही, चोपडी मात्र खोटी ठरते. देहूच्या वाण्याने दिवाळे निघाल्यावरही आपली चोपडी खरी ठेवली. तेव्हा यंदाच्या अंकात अशी एखादी कविता भेटली, तर पान उलटू नका. फराळाची बशी जरा बाजूला सारा आणि ती मोठ्याने वाचा. घरात कोणाला तरी ती ऐकायची असेल.