ढील

शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीमागोमाग ज्या मुलखात मराठी पागा आली, आणि १६६४ साली होदिगेरेच्या रानात शिकारीत घोड्यावरून कोसळून ज्या मुलखातच राजांचा अंत झाला, त्याच्या एका कडेला, आनेकलला, माझे वास्तव्य आहे. येथील रस्त्यांवर आता अत्तिबेले-जिगणीच्या कारखान्यांच्या मोटारी धावतात. घोडा दिसलाच तर तो वरातीपुरता, कपाळावर झालर आणि तोंडात काटेरी लगाम घेऊन, बँडच्या कल्लोळात मान आखडून उभा. त्या घोड्याचे डोळे ज्यांनी एकदा नीट पाहिले असतील, त्यांनी ‘बक’ हा अनुबोधपट अवश्य पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सिंडी मील या दिग्दर्शिकेने काढलेला आणि २०११ साली सनडान्स महोत्सवात प्रेक्षकपसंतीचे पारितोषिक मिळविलेला हा चित्रपट बक ब्रॅनमन या अमेरिकन अश्वशिक्षकाविषयी आहे. दोरफाशाचे खेळ करून लोकांच्या टाळ्या मिळविणारा हा मुलगा घरी बापाचा बेदम मार खात असे. आई वारल्यावर तर त्या क्रौर्याला धरबंधच उरला नाही. शाळेतील क्रीडाशिक्षकाच्या दृष्टीस त्याच्या अंगावरचे वळ पडले, आणि पुढे शर्ली दांपत्याच्या घरी त्याला आसरा मिळाला. भेदरलेल्या त्या पोराला नव्या पित्याने उपदेश केला नाही. चामड्याचे हातमोजे दिले आणि कुंपणाच्या कामाला सोबत नेले. अश्वविद्येत रे हंट त्याचे गुरू खरे, परंतु भ्यालेल्या जिवाशी कसे वागावे याचा पहिला पाठ त्याला त्या हातमोज्यांनीच दिला असावा, असे मला वाटते.

त्याची रीत बारकाईने पाहण्याजोगी आहे. दोराला तो हलकासा ताण देतो आणि थांबतो. घोड्याने अर्धे पाऊल त्याच्याकडे टाकले, किंबहुना टाकण्याचा नुसता विचार मानेच्या स्नायूंत उमटला, की तत्क्षणी दोर सैल होतो. ती ढील हेच बक्षीस. चाबूक नाही, चंदीचे आमिष नाही. घटकाभराने तेच उधळखोर जनावर ओठ चाटीत, मान खाली घालून त्याच्या मागोमाग चालू लागते.

तथापि चित्रपटाचे खरे मोल एका अपयशात आहे. जन्मतःच आईला मुकलेले, प्राणवायूअभावी मेंदूला इजा झालेले एक सोनेरी शिंगरू मालकिणीने घरात, हाताने भरवून, लाडाकोडात वाढविलेले असते. माणसाचे भय नाही तसा आदरही नाही, असा तो वयात आलेला घोडा एका माणसाचे डोके चावून रक्तबंबाळ करतो. बक मालकिणीला स्पष्ट सुनावतो, पण त्या घोड्यासंबंधी एकही तुच्छतेचा शब्द काढीत नाही. त्याला मारण्याचे ठरल्यावरही निशाण लावलेली काठी हाती घेऊन, पूर्वीच्याच धीराने त्याला गाडीत चढवितो. मर्यादा न घालणे म्हणजेच दया, असे मानणाऱ्या सज्जनांना हा प्रसंग झोंबेल, आणि तो झोंबावाच. कारण बापाच्या मारातून वाचलेला मनुष्यच येथे लाडाचे क्रौर्य दाखवीत आहे.

चित्रपट जेमतेम दीड तासाचा, भाषा अमेरिकन गुराख्यांच्या वळणाची इंग्रजी. मार्गशीर्षात सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत, तापीकाठी जो घोडेबाजार भरतो, तेथे एखाद्या सायंकाळी पडदा लावून, कोणी जाणत्याने मराठीत समजावून देत तो दाखवावा. समोर नाचऱ्या घोड्यांचे चाबूकस्वार असावेत, माथेरानचे घोडेवाले असावेत, आणि पहिले शिंगरू पसंत करायला वडिलांबरोबर आलेली पोरेही असावीत.