पॉजचं बटण

१९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि आमच्या भागातल्या मुलांना पदवी जवळ आली. पवईच्या आयआयटीचा शिक्षक आमच्या नायगावात यायला मात्र आणखी बरीच वर्षं लागली, आणि तो आला तो पडद्यावरून. आयआयटी मुंबईच्या प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारातून झालेली स्पोकन ट्युटोरियल्स, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ, आमच्या संगणक लॅबमध्ये चालतात. एकेक पाठ साधारण दहा मिनिटांचा. आवाज मराठी, पडद्यावरची अक्षरं इंग्रजीच. पुढे कामावर तीच दिसणार असतात. अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर आपला प्रोग्रॅम. ऐकायचं, थांबवायचं, करून बघायचं.

त्या थांबवण्याचं मोल मी रोज पाहतो. कुंटूर, नरसीकडून एसटीनं येणारी मुलं भरल्या वर्गात ‘सर, परत सांगा’ म्हणत नाहीत. आपल्यालाच कळलं नाही, हे चारचौघांत कसं दाखवायचं? हेडफोन लावला की हीच मुलं एकच वाक्य हवं तितक्यांदा मागं नेऊन ऐकतात. काही जण मात्र पाठ सिनेमासारखा सलग बघून मोकळे होतात. त्यांच्या हाताला काहीच लागत नाही.

खरी परीक्षा माझी असते. सी भाषेत सेमीकोलन राहिला की कंपायलर पुष्कळदा चूक पुढच्या ओळीत दाखवतो. पोरगं त्या ओळीकडं बघत बसतं. तिथं सगळं बरोबर असतं. ‘सर, येईना गेलंय.’ मागं उभ्या माझ्या बोटांना माउसकडं जायची फार घाई होते. ती आवरायची. ‘त्याच्या वरची ओळ मोठ्यानं वाच,’ एवढंच म्हणायचं. माझ्या मते लॅबमध्ये शिकवणं म्हणजे मुख्यतः हे आवरणं आहे.

पाठात दिलंय तसं टाइप करून उत्तर आलं, यावर मी समाधान मानत नाही. एकापासून दहापर्यंत आकडे छापणारा लूप जमला, की म्हणतो, आता दहापासून खाली ये. हे पाठात नसतं. परवा एकीनं सुरुवात बदलली, अट बदलली, पण प्लस-प्लस तसंच ठेवलं. आकडे थांबेचनात. तिनं कंट्रोल-सी दाबलं, थोडा वेळ ओळ निरखली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘थांबा सर, मी सांगते काय झालं ते.’