केड्स कोव्हची मंडळी

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, स्मोकी पर्वताच्या पोटात केड्स कोव्ह नावाचं खोरं आहे. भोवती डोंगर आणि मधे चुनखडीवर साठलेली सपाट, कसदार जमीन. एके काळी इथे सातशेच्या आसपास माणसं नांदत होती. आता कुणी राहत नाही. अकरा मैलांच्या वळणरस्त्यावरून मोटारींची रांग तेवढी सरकत असते. लोक येतात ते अस्वलं आणि हरणं पाहायला. वाटेत तीन चर्च लागतात, म्हणून पाय मोकळे करायला उतरतात.

त्यांतलं पहिलं प्रिमिटिव्ह बॅप्टिस्टांचं. मंडळी स्थापन झाली १८२७ मध्ये, आजची पांढऱ्या फळ्यांची इमारत १८८७ची. आत रंगाचा हात नाही, चित्र नाही, रंगीत काच नाही. या लोकांना उपासनेत वाद्य चालत नसे. देवाची गाणी नुसत्या गळ्याने म्हणायची. रविवारची शाळाही त्यांना नामंजूर, कारण बायबलात तिचा उल्लेख नाही! इतकी कडक माणसं शेजारी म्हणून कशी असतील, असा विचार मनात येतोच. पण हीच मंडळी एकमेकांचे पाय धूत, तोही उपासनेचाच भाग म्हणून.

मागच्या दफनभूमीत जॉन ऑलिव्हर आणि त्याची बायको आहेत. १८१८ मध्ये ते इथे आले, तेव्हा ही जमीन कायद्याने चेरोकी लोकांची होती. ती सरकारकडे गेली पुढच्या वर्षीच्या तहाने. पहिला हिवाळा ऑलिव्हर कुटुंबाने काढला तो चेरोकींनी दिलेल्या वाळवलेल्या भोपळ्यावर, असं सांगतात. वीस वर्षांनी, १८३८ मध्ये, त्याच चेरोकींपैकी बहुतेकांना सैन्याने पश्चिमेकडे हाकललं आणि वाटेत हजारो मेले. इथे पहिले वसाहतकार म्हणून ऑलिव्हरांचा मान आहे. भोपळा देणाऱ्यांचा दगड नाही.

कितीतरी कबरींवर नुसता रानातला ओबडधोबड दगड उभा आहे, नाव ना तारीख. लेकरांच्या कबरी तर फार. खोऱ्यात कुणी वारलं की चर्चची घंटा वाजे, मृताच्या वयाची जितकी वर्षं तितके टोल. कोण आजारी आहे ते सगळ्यांना ठाऊक असायचं. शेतातला माणूस नांगर थांबवून टोल मोजायचा आणि कोण गेलं ते ओळखायचा. तान्ह्या मुलासाठी किती वाजवत असतील?

मात्र ही जागा फार शांत, सोज्वळ समजू नये. रसेल ग्रेगरीच्या दगडावर, नॉर्थ कॅरोलायनाच्या बंडखोरांनी त्याचा खून केला, असं सरळ कोरलेलं आहे. यादवी युद्धात टेनेसी राज्य दक्षिणेकडे गेलं, हे खोरं मात्र बहुतांशी उत्तरेच्या बाजूचं. १८६४ मध्ये लुटायला आलेल्या टोळीला म्हाताऱ्या ग्रेगरीने गावकरी जमवून पिटाळलं. टोळी पुन्हा आली ती त्याला मारायलाच. त्या वर्षांत चर्चचं दार बंद राहिलं. नंतर मंडळीच्या वहीत त्याचा खुलासा लिहिला गेला: आम्ही संघराज्याच्या बाजूचे, आणि इथे बंडखोरांचा जोर फार.

भांडणं घरातही होती. १८३९ मध्ये ही मंडळी फुटली, तीही परदेशात आणि परमुलखात धर्मप्रचारक पाठवावेत की नाही यावरून. आपल्याला हे वाचताना गंमत वाटते. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्येच मुंबईत उतरले होते, १८३१ पासून अहमदनगरला त्यांचं ठाणं होतं. ते दुसऱ्या पंथाचे, पण आपल्याकडे त्यांच्या येण्यावरून जसा वाद झाला, तसा त्यांच्या मुलखात मिशनरी पाठवण्यावरूनच चालला होता. मिशनच्या बाजूच्यांना मंडळीतून काढलं गेलं. त्यांचं चर्च याच रस्त्यावर पुढे आहे. मधलं मेथडिस्टांचं. ते एका लोहाराने १९०२ मध्ये ११५ दिवसांत, ११५ डॉलरमध्ये बांधलं आणि पुढे तोच तिथला पाळक झाला.

१९३०च्या आसपास राष्ट्रीय उद्यानासाठी जमिनी घेतल्या जाऊ लागल्या. पहिल्या ऑलिव्हरचा एक वंशज सरकारशी कोर्टात वर्षानुवर्षं झगडला, हरला आणि १९३७ मध्ये निघून गेला. गाव उठल्यावर उद्यानवाल्यांनी नव्या पद्धतीची, फळ्यांची, रंगवलेली घरं पाडली आणि जुनी ओंडक्यांची खोपटी ठेवली. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं, ही माणसं शेवटपर्यंत अशीच रानटी थाटात राहत होती. मला हा लबाडपणा वाटतो. गावाला टपाल होतं, शाळा होती, पर्यटकांना उतरवून घेणारी माणसंही होती. ते सगळं पुसलं गेलं. दफनभूमी तेवढी पुसता आली नाही. तिथे बिननावाच्या दगडांशेजारी विसाव्या शतकातले यंत्राने घासलेले, गुळगुळीत दगड उभे आहेत, आणि गावाचं पूर्ण वय तिथेच मोजता येतं.

प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट मंडळीने तर उठायलाच नकार दिला. शाळा बंद झाली, टपाल बंद झालं, घरं गेली. तरी उद्यानवाल्यांना न जुमानता ती मंडळी १९६०च्या दशकापर्यंत त्याच फळ्यांच्या चर्चमध्ये जमत राहिली, वाद्याविना गात राहिली.